दीड बोट

मला तोंडांची किळस येते. तीस वर्षं लोकांच्या तोंडात बोटं घालून पोट भरणाऱ्या बाईनं हे बोलू नये, पण आता बोलते. मी भूल देणारी डॉक्टर आहे. लोकांना वाटतं, भूल म्हणजे एक सुई टोचली, माणूस झोपला की काम संपलं. मग आम्ही कोपऱ्यात स्टुलावर बसून मोबाइल बघतो. खरं काम तिथूनच सुरू होतं. औषधानं अंग ढिलं पडलं की माणसाचा श्वास थांबतो. मग त्याचा जबडा उघडायचा, जीभ बाजूला सारायची, घशात दिवा धरायचा आणि श्वासनलिकेत नळी सरकवायची. हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरकायचं, आणि हे सगळं तोंडातून.

तोंडं कशी असतात ते मला विचारा. शर्टाला कडक इस्त्री असलेल्या माणसाच्या दाढेत कालच्या मटणाचा धागा असतो. कुणाच्या हिरड्यांतून पू येतो, कुणाच्या जिभेवर पांढरा थर इतका की खरवडून काढावा. मिश्री लावून लावून काळे पडलेले आणि नुसते हिरडीच्या आधारानं उभे असलेले दात. सुनेपुढे कवळी काढायची लाज वाटते म्हणून ती तशीच घालून टेबलावर येणाऱ्या सासवा. भूल चढली की ही सगळी सभ्य माणसं तोंड वासतात, आणि आत काय आहे ते मला एकटीलाच दिसतं. घरी येऊन मी जेवायला बसते तेव्हा नवरा मुद्दाम विचारतो, ‘आज किती तोंडं बघितलीस?’ मी ताट सरकवते. एवढ्या वर्षांत त्याची ही चेष्टा काही संपलेली नाही.

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, जैन शेतकऱ्याचं. पाणी वरून प्यायचं. तांब्याला ओठ लागला की तो तांब्या सरळ घासायला. ‘उष्टं’ हा शब्द आई शिवी दिल्यासारखा उच्चारायची. अशा घरातली मुलगी दिवसातून चार वेळा परक्या माणसाच्या लाळेत बोटं बुडवते, हे आईला शेवटपर्यंत मी नीट सांगितलं नाही. ती लोकांना सांगायची, माझी लेक झोपेचं इंजेक्शन देते.

शिकत असताना आमच्या सरांनी एक गोष्ट डोक्यात ठोकून बसवली होती. रोग पोटात असो नाहीतर पायात, तू आधी तोंड बघायचं. रुग्णाला आ करायला सांगायचं. त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांच्या मधे जातात का ते बघायचं. दात हलवून बघायचे, मान मागे टाकायला लावायची. अर्ध्या मिनिटाचं काम. ते अर्धं मिनिट ज्यानं वाचवलं त्याच्यावर एक दिवस घाम पुसायची पाळी येते, असं ते म्हणायचे. मी हे पुढं माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींना सांगितलं, आणि चांगलं ठसक्यात सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

आमची कामाची तऱ्हाही अशी की अंगाशी यायला वेळ लागत नाही. मी कुठल्याच हॉस्पिटलची नाही. घर कोल्हापुरात, शाहूपुरीत, गाडीच्या डिकीत दोन बॅगा; एकीत नळ्या, दुसरीत औषधं. सकाळी एका हॉस्पिटलात, दुपारी दुसऱ्या, तिसरं कुठं तरी तालुक्याला. ज्याचा श्वास मी हातात घेणार तो माणूस मला ऑपरेशनच्या अर्धा तास आधी पहिल्यांदा भेटतो. सर्जननं त्याला महिनाभर पाहिलेलं असतं. मी मात्र आल्या आल्या ‘काय खाल्लंय का, व्यसन काय, आधी कधी भूल घेतलीय का’ एवढं विचारते आणि सही करते.

त्या दिवशी सकाळी कोल्हापुरात पहिलं काम झालं ते एका पंचविशीच्या तरुणाचं. पाय मोडला होता. त्याच्या तोंडात मी जे पाहिलं ते लिहायलाही नको वाटतं. आमच्या भागात ज्याला मावा म्हणतात तो खाणारा होता. हा मावा म्हणजे मिठाईतला खवा नव्हे. सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून तळहातावर रगडायचा, आणि तो लगदा दिवसभर गालात धरून ठेवायचा. कोपऱ्याकोपऱ्यावर पोरं हे रगडत उभी असतात. त्या तरुणाच्या गालातून मी चिमट्यानं सुपारीचे कण वेचले. ओल्या भुशासारखे तांबडे. मास्क होता तरी वास आला. हात तीनदा धुतले, तरी गाडीच्या स्टिअरिंगला तो वास लागलाय असं वाटत राहिलं.

तिथून मुरगूडच्या बाजूला निघाले. उसाचे दिवस होते. बिद्रीच्या अलीकडं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, वर टेपवर गाणी, हॉर्न दिला तरी ऐकू न जाणारी. मळीचा आंबूस वास काच बंद करूनही आत येत होता. पाऊण तास उशीर झाला. हॉस्पिटल छोटं, वीस खाटांचं. सर्जन दारातच उभे. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हात चांगला, पण गावात आपलं नाव कसं होईल याची काळजी रोग्यापेक्षा जास्त.

‘मॅडम, लवकर आवरूया,’ ते म्हणाले. ‘पित्ताशयाचे खडे आहेत, दुर्बिणीतून काढायचे. पेशंट साधा नाही, गुरुजी आहेत. निम्मं गाव आलंय बघायला.’

आमच्याकडं आजाऱ्याला बघायला जाणं हे लग्नाला जाण्यासारखंच असतं. नाही गेलं तर वाईटपणा येतो. वॉर्डात पंधरा-वीस माणसं होती. शहाळी, केळ्यांच्या फण्या, खाटेच्या कडेवर बसलेले, खिडकीत टेकलेले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा पातेल्यात खाकरून थुंकत होता, आणि त्याची लेक ते पातेलं पायानं खाटेखाली ढकलत होती. मी दारातच थांबले. हातात कागद, पेन, आणि दारातूनच विचारायला सुरुवात केली.

गुरुजी खाटेवर मांडी घालून बसलेले. साठीला आलेले, धुतलेला पांढरा सदरा, दाढी घोटलेली. खाटेच्या पायथ्याशी त्यांची बायको चादरीची घडी घालत उभी होती.

‘सकाळपासून काही खाल्लं-प्यालंय?’

‘नाही.’

‘दमा, बीपी, साखर?’

‘काही नाही.’

‘तंबाखू, दारू, काही व्यसन?’

यावर सगळा वॉर्ड हसला. फेटा बांधलेले एक पाहुणे पुढं सरसावले.

‘म्याडम, कुणाला इचारालायसा! ह्यो मानूस दर होळीला शाळंच्या पटांगनात पुड्यांची होळी करतोय की. पोरं बापाच्या खिशातल्या पुड्या चोरून आनत्यात आन् टाकत्यात जाळात. निम्मं गाव सुधारलंय ह्यांच्यामुळं.’

‘तिखटबी सोडलंय,’ एक बाई म्हणाली. ‘दुधात भाकरी कुसकरून खात्यात. साधू मानूस हाय.’

गुरुजी ओठ न उघडता हसले आणि संकोचल्यासारखा हात तोंडावर नेला. हळू, मऊ बोलत होते, ओठ फारसे हलतच नव्हते. वेलदोड्याचा वास दारापर्यंत येत होता. मला काय वाटलं ते स्पष्ट सांगते. मला बरं वाटलं. दिवसभराच्या घाणीत एक स्वच्छ माणूस भेटला. तिखट सोडलेला, दूध-भाकरी खाणारा, आमच्या माहेरी शोभला असता असा. अशा माणसाला वीस लोकांपुढं ‘आ करा’ म्हणायचं, त्याच्या तोंडात डोकावायचं, हे मला त्याचा अपमान केल्यासारखं वाटलं. असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या दिवशी मला आणखी एक तोंड बघायचं नव्हतं.

कागदावर एक ओळ असते, ‘तोंड किती उघडते’. मी लिहिलं, तीन बोटं. सही केली.

ऑपरेशनच्या आधी गुरुजी एकदा शौचालयाला जाऊन आले. मग त्यांना टेबलावर घेतलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला आणि मोठे श्वास घ्यायला सांगितले. हा ऑक्सिजन म्हणजे आमची शिदोरी. छातीत भरून ठेवायचा, श्वास थांबला की तोच थोडा वेळ पुरवतो. बोटाला चिमटा लावला होता. त्याचं यंत्र प्रत्येक ठोक्याला टिक् करतं, आणि रक्तातला ऑक्सिजन चांगला असेल तर त्या टिक् टिक् चा सूर उंच असतो. ऑक्सिजन कमी झाला की सूर खाली येतो. आम्हाला आकड्याकडं बघावं लागत नाही, कानालाच कळतं. तेव्हा नव्याण्णव होता.

झोपेचं औषध दिलं. गुरुजी झोपले. मास्कनं दोन श्वास देऊन पाहिले, छाती नीट वर आली. मग अंग ढिलं करणारं औषध दिलं. ते तीस-चाळीस मिनिटं टिकतं. मधे उतरवता येत नाही, निदान त्या हॉस्पिटलात तरी तसं औषध नव्हतं. तीन मिनिटं थांबले आणि मास्क बाजूला करून जबडा उघडायला गेले.

जबडा उघडला नाही.

मला वाटलं, औषध अजून चढलं नसेल. आणखी थांबले. परत अंगठा आणि बोट दातांमधे घालून ताणलं. गंजलेल्या कडीसारखं, थोडं सरकलं आणि अडलं. माझी दोन बोटंही आत जाईनात. एक गेलं, दुसरं निम्मं. दीड बोट. बोटांना आतून गाल लागला तो गाल नव्हताच, फळी होती. टॉर्च मारला. गालाचं आतलं कातडं पांढरंफटक, ताणलेल्या दोऱ्यांसारखं. पुढचे दात घासून चकाचक केलेले, आणि मागं सगळं काळं. डाव्या गालात, दाढेच्या कडेला, ओला तांबडा गोळा होता.

मावा. शौचालयात जाऊन शेवटचा धरून आला होता हा साधू.

त्या क्षणी दूध-भाकरीचा अर्थ डोक्यात शिरला. सुपारीनं ज्याचं तोंड असं आखडतं त्याला तिखट सोसत नाही, आग होते. भाकरीचा तुकडा दातांमधे जात नाही, म्हणून दुधात कुसकरावी लागते. मळ्यात काम करणारा अडाणी माणूस सांगेल इतकं हे उघड होतं. आणि मी ते वैराग्य समजले होते.

‘सक्शन,’ मी ओरडले.

सिस्टर चाळिशीची, पक्की बाई. आमच्याकडच्या बायकांच्या रीतीनं ‘देतो म्याडम’ म्हणाली आणि नळी हातात दिली. दातांच्या फटीतून ओढून ओढून तो लगदा काढला. पारदर्शक नळीतून तांबडं पाणी आणि सुपारीचे कण खळखळत बाटलीत पडत होते. मला उमासा आला, मास्कच्या आत, आणि मी तो गिळला. एक जरी कण श्वासनलिकेत गेला असता तर वेगळंच लिहावं लागलं असतं.

घशातल्या दिव्याला सगळ्यांत लहान पातं लावून ते आत घालायचा प्रयत्न केला. आत गेलंच नाही. दातावर आपटलं. परत मास्क लावला, त्याला जोडलेली हवेची पिशवी दाबून श्वास दिला, छाती वर आली. ठीक होतं. इथंच थांबायला हवं होतं. शिकवलंही तेच होतं मला: मास्कनं श्वास जातोय तोवर हात आवरा.

‘अजून एकदा बघूया की, मॅडम,’ सर्जन म्हणाले. हातमोजे घालून ते तयार उभे होते. ‘बाहेर सगळी माणसं आहेत. आता बाहेर जाऊन काय सांगायचं?’

आणि मी एकदा अजून पाहिलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. राग होता. फसवलं गेल्याचा राग फार वाईट, तो हातात उतरतो. मी जबडा जोर लावून ताणला. गालाच्या कोपऱ्यात काहीतरी फाटलं आणि रक्त आलं. नळी नाकातून घालायला गेले, तीही वाट चुकली. रक्त घशात उतरायला लागलं. परत मास्क लावला तर आता हवा जाईना. पिशवी कडक लागत होती, छाती हलत नव्हती.

यंत्राचा सूर खाली यायला लागला. नव्वद. चौऱ्याऐंशी. अंबाबाईच्या देवळातली घंटा दुरून ऐकू यावी तसा तो टिक् टिक् जाड होत गेला. सत्तर. गुरुजींचे ओठ जांभळे झाले. त्यांचा चेहरा अगदी शांत होता, कारण त्यांना गुदमरतानाही हलता येत नव्हतं. ते औषध मीच दिलं होतं.

मी गळ्यावर बोट फिरवून घाटीच्या खालची ती खाच शोधली, जिथं सुरी घालून वाट करायची असते. नखानं खूण केली. ‘सुरी काढून हातात धरा,’ मी सर्जनना म्हणाले. ‘मी सांगितलं की इथं कापायचं.’ त्यांचा चेहरा पांढरा पडला. पोट उघडणारा माणूस, पण गळ्याचं नाव काढल्यावर एक पाऊल मागं सरले. त्या वेळी मला त्यांचीही किळस आली. बाहेरच्या माणसांची काळजी करणारा हा, आणि आत माणूस चाललाय.

एक मऊ नळी बॅगेत होती, नाकातून घशापर्यंत जाणारी. तिला जेली फासून अलगद सरकवली. या वेळी घाई केली नाही. सिस्टरला पिशवी दाबायला सांगितली आणि मी दोन्ही हातांनी मास्क चेहऱ्यावर दाबून धरला. बोटांनी जबडा पुढं ओढला, इतका की माझ्या मनगटात कळ गेली. सिस्टरनं पिशवी दाबली. छाती हलली. किंचित.

‘अजून,’ मी म्हणाले. ‘सावकाश. अजून.’

सूर तसाच जाड होता. मग एक टिक् थोडा वर आला. मग आणखी. पंच्याहत्तर, ब्याऐंशी, एक्क्याण्णव. सिस्टर पुटपुटत होती, ‘आई अंबाबाई, आई अंबाबाई,’ आणि त्याच तालावर पिशवी दाबत होती. मी तिला थांबवलं नाही.

‘ऑपरेशन होणार नाही,’ मी सर्जनना सांगितलं. ‘उठवायचं.’

त्यांनी या वेळी वाद घातला नाही. औषध उतरेपर्यंत पस्तीस मिनिटं मी तो चेहरा दोन्ही हातांत धरून उभी होते. माझ्या हातमोज्यांवर रक्त, लाळ आणि सुपारीचं तांबडं पाणी. मास्कच्या कडेनं ते मनगटावर ओघळत होतं आणि हात सोडता येत नव्हता. पस्तीस मिनिटं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या. दर होळीला पोरांपुढं पुड्या जाळतोस, आणि स्वतः पायखान्यात जाऊन गालात धरतोस. वरून कीर्तन, आतून तमाशा. आणि मधूनच त्या शिव्या माझ्याकडं वळत होत्या, कारण कागदावरची तीन बोटं त्यानं लिहिली नव्हती.

गुरुजी जागे झाले. डोळे उघडले, खोकले, रक्ताची गुळणी आली, ती सिस्टरनं पुसली. श्वास आपला आपण घेत होते. सर्जन कागद घेऊन माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही तीन बोटं लिहिलंय. उद्या कुणी विचारलं तर? पान बदलायचं का?’ चांगल्या मनानं म्हणाले असतील. मी कागद घेतला, ‘तीन’ वर काट मारली, शेजारी ‘दीड’ लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं की आधी तपासलं नव्हतं. अक्षर पोरकट आलं.

अर्ध्या तासानं गुरुजींना बोलता आलं. पहिलं वाक्य काय असावं? मी वाचलो का, हे नाही. काय झालं, हेही नाही.

‘म्याडम,’ घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, ‘भाईर कुनाला सांगू नका.’ मघाशी वॉर्डात पुस्तकी बोलणारे गुरुजी आता गावाकडचं बोलत होते. ‘शाळंतली पोरं आल्यात. घरातबी ठाऊक न्हाय. दातांचं दुखनं हाय म्हनून सांगितलंय.’

‘किती वर्षं खाताय?’

त्यांनी तीन बोटं दाखवली, मग तीनही खाली घेऊन पंजा दोनदा उघडला. तीन दहा, म्हणजे तीस.

‘तुमचं तोंड दीड बोट उघडतं,’ मी म्हणाले. ‘पुढच्या डॉक्टरांनी हे ओळखलं नाही तर तुम्ही टेबलावरून उठणार नाही. आज उठलात ते नशिबानं. हे ऑपरेशन कोल्हापूरला मोठ्या ठिकाणी करायचं, जागेपणी दुर्बिणीनं नाकातून नळी घालून. पित्ताशय काढायचंच आहे, ते टळणार नाही. आणि दंतवैद्याकडून गालाचा तुकडा तपासून घ्यायचा. यातून पुढं काय होतं ते तुम्हीच पोरांना दर होळीला सांगता.’

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दया यायला हवी होती. मला फक्त त्या तोंडाचा वास येत होता. वेलदोडा कधीच उडून गेला होता. तरी मी मान हलवली. रुग्णानं सांगू नका म्हटल्यावर बाहेर सांगायचं नाही, हा आमचा नियम, आणि त्या नियमामागं लपणं मला तेव्हा सोयीचंही होतं.

बाहेर आले. सगळे उभे राहिले. मी म्हणाले, गुरुजींचा जबडा अवघड आहे, नळी जाईना, धोका नको म्हणून थांबलो, कोल्हापूरला करू. फेटेवाले पाहुणे माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघत होते.

‘म्हंजे तुमास्नी भूल देता आली न्हाय,’ ते म्हणाले.

‘असंच समजा.’

‘एवढ्या लांबनं बोलवून घेत्यात आन् ह्यास्नी येत न्हाय,’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘चांगल्या मानसाच्या जिवाशी खेळ हाय का ह्यो!’ तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी तो खाल्ला. मनात मात्र सुख होतं, खोटं कशाला सांगू. त्यांचा अडाणीपणा, त्यांच्या गुरुजींचा ढोंगीपणा आणि वर माझं मोठं मन. दोघांपेक्षा मीच वरची ठरत होते. बॅगा उचलून मी मागच्या बाजूनं गाडीकडं निघाले.

मागच्या जिन्याखाली गुरुजींची बायको उभी होती. मी आल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती. ठेंगणी, हातात केळ्याची रिकामी पिशवी, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेला. मी थांबले. वाटलं, आता ही रडणार.

‘जगल्यात न्हवं?’ तिनं विचारलं.

‘हो. चांगले आहेत. बोलले माझ्याशी.’

‘भाईर सांगू नका म्हनाले असतील.’

मी गाडीची किल्ली चाचपली.

‘म्हाईत हाय मला,’ ती म्हणाली. ‘लगीन होऊन आलो तवापास्नं म्हाईत हाय. सदऱ्याचा खिसा कोन धुतंय? उशीचा अभ्रा कोन धुतंय? भाकरीचं पीठ मऊ कोन मळतंय? त्यास्नी वाटतंय मला ठाऊक न्हाय. वाटू दे म्हनलं. गावात मान हाय.’

‘मग मघाशी बोलला का नाहीत?’ माझा आवाज चढला. ‘मी विचारलं होतं. सगळ्यांसमोर विचारलं होतं, व्यसन काय आहे म्हणून. तुम्ही तिथंच होता. तुमचा नवरा मेला असता आज!’

तिनं पिशवीची घडी घातली, ती आणखी लहान केली. रागावली नव्हती. मला समजावून सांगावं तशी बोलत होती.

‘सगळ्यांफुडं इचारलासा, म्हनून तर बोललो न्हाय. मला वाटलं, तुमी आत येशीला, खाटंपाशी येशीला, तोंड बघशीला, तवा कळंलच. डाक्टर तोंड बघत्यातच की. तुमी आलाच न्हाईसा.’

मी बॅग खाली ठेवली.

‘मी तीस वर्सं त्यांच्या तोंडाकडं बघितलं न्हाय,’ ती म्हणाली. ‘जेवताना बघत न्हाय, बोलताना बघत न्हाय. मला किळस येती, म्हनून बघत न्हाय. पर तुमी डाक्टर हायसा की.’